नंदू, थायरॉइडचा निर्णय आज घ्यायचा नाहीये

प्रिय नंदू,

तुझा मेसेज रात्री वाचला. एका दमात इतके प्रश्न विचारलेस आणि शेवटी, "सांग, आता नक्की कोणाकडे जाऊ?" फोनवर हे सगळं नीट होणार नाही. मध्येच कोणीतरी हाक मारतं आणि नेमकं महत्त्वाचं राहून जातं. म्हणून सविस्तर लिहितेय. एका बैठकीत वाचायची सक्ती नाही.

आधी तुझा जीव थोडा हलका करते. तुझ्या ग्रेव्हजसाठी, म्हणजे थायरॉइड गरजेपेक्षा जास्त हार्मोन बनवण्याच्या दुखण्यासाठी, गोळ्या, रेडिओआयोडीन (किरणोत्सारी आयोडीन) की ऑपरेशन, हा निर्णय तुला या आठवड्यात घ्यायचा नाही. छातीत धडधड, हात थरथरणं, झोप उडणं यांवर प्रोप्रॅनोलॉलसारखं औषध देतात आणि त्याने थोड्या दिवसांत बराच उतार पडतो (दमा असेल तर डॉक्टरांना आधी सांग, दमेकऱ्यांना ते चालत नाही). ग्रंथीचं पुढे काय करायचं हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याला वेळ आहे. तुला घाबरवून "लगेच ठरवा" म्हणणारा कोणी भेटला, तर घाई कशामुळे हे त्याला विचार. कधीकधी खरंच कारण असतं, हृदयाचे ठोके अनियमित झालेले असतात वगैरे. पण कारण असेल तर ते सांगता आलं पाहिजे.

तू विचारलंस, ताईला रोज एक गोळी घेऊन भागतं, मग तुझ्या वाट्याला हे तीन-तीन पर्याय का? दोघींचंही दुखणं मुळात एकच, शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच थायरॉइडवर उलटलेली. एका घरात एकीला हे आणि दुसरीला ते, असं पुष्कळदा दिसतं. ताईच्या हाशिमोटोमध्ये ग्रंथी हळूहळू झिजत जाते, हार्मोन कमी पडतं आणि ते बाहेरून गोळीने भरून काढतात. तुझ्या ग्रेव्हजमध्ये अँटिबॉडी ग्रंथीच्या पेशींवर अशा जागी जाऊन बसतात की पेशींना वाटतं टीएसएच आलंय, आणि त्या हार्मोन बनवतच सुटतात. टीएसएच म्हणजे मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीने थायरॉइडला दिलेला हुकूम. रक्तात हार्मोन नको तितकं झालं की पिट्युटरी हुकूम देणं थांबवते. म्हणून तुझा टीएसएच जवळजवळ शून्य आहे. "टीएसएच कमी म्हणजे थायरॉइड कमी" असं तुला ज्या कोणी सांगितलं, त्याने नेमकं उलटं सांगितलं.

गंमत बघ. हाकारू हाशिमोटो या जपानी सर्जनने १९१२ साली चार रुग्णांच्या ग्रंथींचं वर्णन लिहून ठेवलं. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हजचं वर्णन तर १८३५ चं. पण हाशिमोटोच्या रुग्णांच्या रक्तात थायरॉइडविरुद्धच्या अँटिबॉडी असतात हे लंडनमध्ये रॉइट, डोनियाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं ते १९५६ मध्ये. त्याच वर्षी न्यूझीलंडमध्ये अ‍ॅडम्स आणि पर्व्हस यांना ग्रेव्हजच्या रुग्णांच्या रक्तात थायरॉइडला चिथावणारं काहीतरी सापडलं. ते काहीतरी म्हणजेच तुझ्या त्या अँटिबॉडी.

आणि आता जे सांगते ते माझ्या ग्रेव्हजच्या वेळी मला फार उशिरा कोणीतरी सांगितलं. तुझ्यासमोर ठेवलेल्या तिन्ही इलाजांपैकी एकही मूळ दुखण्यावर नाही. प्रतिकारशक्तीला कोणी हात लावत नाही, तिघंही ग्रंथीला आवरतात. गोळ्या तिला हार्मोन बनवू देत नाहीत, रेडिओआयोडीन तिला जाळतं, सर्जन तिला काढून टाकतो. तिन्ही इलाज ऐंशी वर्षांहून जुने आहेत. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेसाठी स्विस सर्जन कोखरला नोबेल मिळालं १९०९ मध्ये, बोस्टनमध्ये सॉल हर्ट्झने पहिल्या रुग्णाला रेडिओआयोडीन दिलं १९४१ मध्ये, आणि गोळ्या आल्या त्यानंतर दोनेक वर्षांत. तेव्हा "सगळ्यात चांगला इलाज कोणता" असं विचारत बसू नकोस. कोणत्या इलाजाची कटकट तुला झेपेल, असं विचार. त्याचं उत्तर एकटा कोणताच डॉक्टर देऊ शकत नाही, कारण प्रत्येकाच्या हातात एकेकच तुकडा असतो.

सुरुवात एंडोक्रिनॉलॉजिस्टपासूनच, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांपासूनच कर. तू पाठवलेल्या रिपोर्टमध्ये टी-३, टी-४ (थायरॉइडची दोन हार्मोन) आणि टीएसएच आहेत, पण टीआरएबी दिसत नाही. त्या चिथावणाऱ्या अँटिबॉडी मोजणारी, ग्रेव्हजवर शिक्का मारणारी रक्ततपासणी ती. तिच्यावाचून पुढचं काही ठरवू नकोस, कारण हार्मोन वाढण्याचं दुसरंही कारण असू शकतं. ग्रंथीला सूज येऊन साठलेलं हार्मोन नुसतं बाहेर गळत असतं. बाळंतपणानंतर बऱ्याच जणींना असं होतं, विषाणूच्या तापानंतरही होतं. त्यात ग्रंथी जास्त काही बनवतच नसते, त्यामुळे हार्मोन बनणं रोखणाऱ्या कार्बिमॅझोलच्या गोळ्यांचा उपयोग शून्य, आणि काही आठवड्यांत ते आपोआप ओसरतं. टीआरएबीने उलगडा झाला नाही तर ग्रंथी किती आयोडीन खेचते ते स्कॅन करून बघतात. गरोदर असताना आणि अंगावर पाजत असताना मात्र तो स्कॅन टाळतात. सोनोग्राफीत गाठ दिसली तर तिची चौकशी वेगळी होईल, त्यात आत्ता गुंतू नकोस.

दुसरे डोळ्यांचे डॉक्टर. तू एका ओळीत उरकलंस, "डोळे जरा किरकिरतात, सकाळी पापण्या सुजलेल्या असतात." नंदू, हे "जरा" नाही. ज्या अँटिबॉडी थायरॉइडला चिथावतात, त्या डोळ्यांमागच्या पेशींनाही छेडतात. बहुतेकींचं थोडक्यात निभावतं, ड्रॉप्स आणि गॉगल एवढ्यावर. पण त्या डॉक्टरांचा शेरा हातात असल्याशिवाय रेडिओआयोडीनला हो म्हणू नकोस, कारण त्या इलाजाने काहींचे डोळे बिघडतात. धोका असेल तर सोबत स्टिरॉइडचं कवच देतात, नाहीतर तो मार्गच सोडतात. सिगारेट हा डोळ्यांचा सगळ्यात मोठा शत्रू. तू ओढत नाहीस हे नशीब. सौम्य त्रासात सहा महिने सेलेनियम देतात, त्याला चांगल्या अभ्यासाचा आधार आहे, पण ते विचारून घे, मनाने सुरू करू नकोस. त्रास मोठा असेल तर टेप्रोटुमुमॅब नावाचं इंजेक्शन आहे, अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळालेलं. बाहेर आलेले डोळे त्याने आत जातात, पण ऐकू कमी येणं, साखर वाढणं असले दुष्परिणामही आहेत. तुझ्यावर ती वेळ येईलसं मला वाटत नाही. मात्र एकाचे दोन दिसायला लागले, रंग फिके वाटले किंवा डोळा हलवताना दुखला, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. त्याच दिवशी जायचं.

आता गोळ्या. मीही तिथूनच सुरुवात केली आणि तुलाही बहुधा तेच सुचवतील. कार्बिमॅझोल किंवा मेथिमॅझोल, पहिलं शरीरात जाऊन दुसरंच होतं. साधारण बारा ते अठरा महिने घ्यायच्या, मग टीआरएबी बघून थांबवायच्या. थांबवल्यावर साधारण निम्म्या जणांना दुखणं परत येतं. ग्रंथी मोठी असेल किंवा टीआरएबी चढाच राहिला असेल तर शक्यता जास्त. माझी ग्रंथी मोठीच होती, वर्षाच्या आत परत आलं. पण निम्म्यांना येत नाही हेही तितकंच खरं, आणि त्यांची ग्रंथी जागच्या जागी शाबूत राहते. हल्ली काही जणांना कमी डोसवर वर्षानुवर्षं ठेवतात, तोही रास्त पर्याय मानतात.

या गोळ्यांबद्दल एक गोष्ट फ्रिजवर चिकटवून ठेव. ताप आला, घसा दुखला, तोंडात फोड आले, तर पुढची गोळी घ्यायची नाही आणि त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजून घ्यायच्या. हजारात दोन-चार जणांच्या पांढऱ्या पेशी या औषधाने एकदम कोसळतात, बहुधा पहिल्या तीन महिन्यांत. "साधा घसा आहे, बघू उद्या" इथे चालत नाही. लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले तरी तसंच. आणि दुसऱ्या मुलाचा विचार अजून मनात असेल तर पहिल्याच भेटीत बोल. गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत गोळी बदलून प्रोपिलथायोयुरॅसिल देतात, आणि हे आधीपासून आखलेलं असलेलं बरं. तुझा स्वभाव मला माहीत आहे, बोलायला लाजशील.

रेडिओआयोडीनच्या डॉक्टरांचं मला कौतुक आहे. मी तयारीने गेले होते. त्यांनी माझ्या डोळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "आधी डोळे दाखवून या, मग बोलू." स्वतःच्या इलाजापासून रुग्णाला परत पाठवणारा माणूस. इलाज तसा सोपा वाटतो, एक कॅप्सूल गिळायची. आयोडीन थेट ग्रंथीत जाऊन बसतं आणि काही आठवडे ते काही महिने तिला निकामी करत राहतं. पथ्यं मात्र आहेत. काही दिवस लहान मुलांपासून आणि गरोदर बायकांपासून अंतर ठेवायचं, अंगावर पाजणं आधीच थांबवलेलं हवं, निदान सहा महिने दिवस राहू द्यायचे नाहीत. मांडीवर झोपणारं पिल्लू घरात असताना हे दिवस कसे काढशील, त्याचा आधी विचार कर. आणि त्यानंतर बहुतेकांचं थायरॉइड कमी होतं. तो बिघाड नव्हे, तेच साधायचं असतं. मला हे कोणी नीट सांगितलं नव्हतं, म्हणून तुला ठळकपणे सांगतेय.

मी शेवटी ऑपरेशन केलं, कारण ग्रंथी मोठी आणि डोळे नाजूक. सर्जन निवडताना एकच प्रश्न महत्त्वाचा, आणि तो विचारायला जीभ जड होते: "वर्षाला अशी किती करता?" अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात वर्षाला पंचवीसहून अधिक थायरॉइड काढणाऱ्यांच्या हातून गुंतागुंत कमी झालेली दिसली. एका सर्जनला हा प्रश्न आवडला नाही, तिथून मी उठले. दुसऱ्या बाईंनी आकडा तर सांगितलाच, वर आवाज बसण्याचं आणि कॅल्शियम उतरण्याचं त्यांच्याकडचं प्रमाणही सांगितलं. आवाजाची नस ग्रंथीला खेटूनच जाते, आणि कॅल्शियम सांभाळणाऱ्या चार बारीक ग्रंथी तिच्या पाठीला चिकटलेल्या असतात. ऑपरेशननंतर माझ्या ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या, कॅल्शियम दिलं, थोड्या आठवड्यांत सुरळीत झालं. हार्मोन आटोक्यात आणल्याशिवाय मात्र टेबलावर घेत नाहीत, म्हणजे गोळ्या इथेही आधी आल्याच.

आता मी ताईच्याच पंगतीत, रोज लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे ती हार्मोन भरून काढणारी गोळी. उपाशीपोटी, पाण्याबरोबर, खाणं आणि कॉफी अर्ध्या-एक तासाने, लोह-कॅल्शियमच्या गोळ्या चार तास लांब. डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनीच टीएसएच बघायचा, कारण हे औषध शरीरातून निम्मं व्हायलाच आठवडा लागतो. ताईला सांग, दर वेळी टीपीओ अँटिबॉडी (हाशिमोटोत थायरॉइडविरुद्ध असतात त्या) मोजण्यात पैसे घालवू नकोस, त्या आकड्यावर डोस ठरत नाही. या गोळीला टी-३ ची जोड द्यावी का असं ती विचारत होती ना? बहुतेक अभ्यासांत तिचा वेगळा फायदा दिसलेला नाही, तरी काही जणींना त्याने बरं वाटतं. टीएसएच नीट असूनही थकवा जातच नसेल, तर आधी लोह, बी-१२ आणि झोप तपासून घ्यावी असं माझं मत. आणि "थायरॉइड मुळापासून बरा" म्हणून समुद्री शेवाळाच्या गोळ्या कोणी दिल्या तर दोघीही हात जोडा. जादा आयोडीन तुम्हा दोघींनाही बाधू शकतं.

राहिलं तुझं ते ओरडणं. "मी अशी नव्हते गं" असं लिहिलंस, ते वाचून गलबलले. मीही तेव्हा दारं आपटायचे, नि:शब्द भांड्यांवरही चिडायचे. हार्मोन उतरायला लागलं की हे निवळतं, पण तोवर घरात सांगून टाक की हे दुखण्याचं लक्षण आहे. नुसतं "मला माफ करा" म्हणत राहिलीस तर कोणाला काही कळणार नाही. पहिल्या भेटीला कोणाला तरी सोबत ने. त्या खुर्चीत बसल्यावर आपल्याला निम्मंच ऐकू येतं.

टीआरएबीचा रिपोर्ट आला की फोटो पाठव, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांची तारीख आजच घे.

तुझीच,
शमा

ता. क. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेतेस असं मागे म्हणाली होतीस. रक्त द्यायच्या आधी निदान दोन दिवस त्या बंद कर, मोठ्या डोसच्या असतील तर किती दिवस ते डॉक्टरांना विचार. त्या रक्तात असल्या की काही प्रयोगशाळांच्या चाचण्या फसतात, टीएसएच खोटा कमी आणि टी-४ खोटा जास्त दाखवतात, टीआरएबीसुद्धा खोटा वाढलेला येऊ शकतो. म्हणजे कागदावर हुबेहूब ग्रेव्हज. तुझी धडधड आणि थरथर खरी आहे, त्यामुळे बायोटिनचा खेळ असेल असं मला वाटत नाही, पण मागचं रक्त दिलंस तेव्हा त्या चालू होत्या का, हे डॉक्टरांना नक्की सांग.