परतीचं तिकीट सूर्यास्त पाहून काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिनदर्शिकेत ज्यू सणाचं नाव एकाच चौकटीत छापलेलं असतं. यंदा (२०२६) रोश हशाना, म्हणजे ज्यू नववर्ष, बेने इस्राएली (मराठी ज्यू) घरांतला ‘नव्याचा सण’, १२ सप्टेंबरच्या चौकटीत दिसेल. प्रत्यक्षात तो शुक्रवारी, ११ तारखेला सूर्यास्ताबरोबर बसतो आणि रविवारी, १३ तारखेला रात्री चांदण्या दिसल्यावर उठतो. हिब्रू दिवस संध्याकाळी सुरू होतो आणि हा सण दोन दिवसांचा असतो. रजा आणि तिकीट चौकटीतल्या तारखेवरून काढलं की दोन्ही टोकांना घोटाळा होतो. सणात प्रवास चालत नाही, पण शुक्रवारी माणूस गाडीतच असताना सण लागतो आणि परतीची गाडी सणाच्या मधेच सुटते. कोल्हापुरात सिनेगॉग नाही. प्रार्थनेला पुण्याचं लाल देऊळ, रास्ता पेठेतलं सुक्कथ शेलोमो नाहीतर थेट मुंबई गाठावी लागते, म्हणून हा हिशेब इथल्या लोकांना जास्त नडतो.

यंदा त्यात भर अशी की १४ सप्टेंबरला गणेश चतुर्थी आहे. रविवारी रात्री मुंबई-पुण्याहून कोल्हापूरला येणारी प्रत्येक गाडी गणपतीला घरी निघालेल्यांनी भरलेली असणार. आरक्षण साठ दिवस आधी खुलतं, म्हणजे १३ सप्टेंबरच्या महालक्ष्मी एक्स्प्रेससाठी १५ जुलैला सकाळी ८ वाजता. ही गाडी मुंबईहून रात्री साडेआठच्या आसपास निघते आणि पुण्याला मध्यरात्रीनंतर येते. त्यामुळे पुण्याहून बसणाऱ्याच्या तिकिटावर १४ तारीख हवी. १३ तारीख टाकणारा माणूस एक पूर्ण दिवस आधीच्या गाडीचं तिकीट घेऊन फलाटावर उभा राहतो, आणि ती गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते.

त्या दिवशी मुंबईत सूर्यास्त साधारण ६.४० ला आहे. चांदण्या दिसून सण सुटेपर्यंत सव्वासात होतात, त्यापुढे हवदालाच्या, म्हणजे सण संपल्याच्या, प्रार्थनेला दहा-पंधरा मिनिटं. भायखळ्याहून किंवा मशीद बंदरहून सीएसएमटी गाठायला वेळ पुरतो, ठाण्याहून मात्र उलटं येण्यापेक्षा कल्याणला गाडी पकडावी. (मशीद स्टेशनचं नाव १७९६ साली बांधलेल्या तिथल्या सिनेगॉगवरून पडलं असं सांगतात. बेने इस्राएली मंडळी सिनेगॉगला मशीदच म्हणत.) मुख्य अडचण सामानाची. सणाच्या दिवशी पुढच्या दिवसाची तयारी करायची नसते, म्हणून पिशव्या शुक्रवारी दुपारीच भरून ठेवाव्या लागतात. सणात विजेच्या वस्तू चालू-बंद करत नाहीत, म्हणून फोनही बंद असतो. चार्ट सूर्यास्ताच्या कितीतरी आधी लागतो आणि प्रतीक्षा यादीतलं ई-तिकीट कन्फर्म झालं नाही तर आपोआप रद्द होतं. हे सव्वासातनंतर कळून उपयोग नाही. म्हणून वेटिंगवर भरवसा नको, कन्फर्म नसेल तर सोमवार सकाळची कोयना एक्स्प्रेस धरावी. फोन शुक्रवारी पूर्ण चार्ज करून बंद करावा. तिकिटाची छापील प्रत आणि ओळखपत्र पिशवीच्या वरच्या कप्प्यात असावं.

आता गव्हाच्या चिकाचा हलवा. नव्याच्या सणाला तो झालाच पाहिजे, आणि कोल्हापूरला डबा आलाच पाहिजे असं घरी राहिलेल्यांचं म्हणणं असतं. मटणाच्या जेवणानंतर दूध चालत नाही, म्हणून तो नारळाच्या दुधात करतात, आणि प्रवासात तो नासतो तोही त्याच दुधामुळे. शुक्रवारी केलेला हलवा सोमवारी सकाळी तिसऱ्या दिवसाचा होतो. गहू तीन दिवस रोज पाणी बदलून भिजवावेत, वाटून गाळावेत, चीक खाली बसला की वरचं पाणी ओतून टाकावं. एक वाटी दाट चिकाला तीन वाट्या नारळाचं दूध, दीड वाटी साखर, चिमूटभर मीठ, वेलदोडा. मंद आचेवर पाऊण तास तरी हात न थांबवता ढवळायचं. कडा सुटून गोळा झाला आणि कडेला खोबऱ्याचं तेल दिसलं की झाला. बहुतेकांचा फसतो तो इथेच. गोळा झाला म्हणून तेल सुटायच्या आधी उतरवतात, मग पाणी आत राहतं आणि लोणावळा यायच्या आत डबा चिकट होतो. घाईला चायना ग्रास वापरतात. त्याच्या वड्या उकाड्यात वितळत नाहीत, पण पाणी सोडतात, आणि दूध कमी शिजल्यामुळे लवकर आंबतात. घरी खायला ठीक, प्रवासाला नको.

वड्या पूर्ण गार झाल्यावरच झाकण लावावं, नाहीतर वाफेचं पाणी वड्यांवर पडतं. निघेपर्यंत डबा फ्रिजमध्ये ठेवावा. (फ्रिजचा दिवा शुक्रवारीच काढून ठेवला की दार उघडताना प्रश्न येत नाही.) निघताना स्टीलचा डबा वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्यांत गुंडाळावा आणि घरी पोचेपर्यंत उघडू नये. गार डबा गाडीत उघडला की दमट हवेतलं पाणी वड्यांवरच जमतं. मलिद्याचंही तसंच. ओलं खोबरं घातलेला मलिदा रात्रभर टिकत नाही. पोहे आणि गूळ कोरडे आणावेत, नारळ घरी फोडावा. गूळ तिकडून आणायची तर गरजच नाही, कोल्हापूरला कसला गूळ आणायचा!

सोमवारी सकाळी गाडी पोचते तेव्हा शाहूपुरीची कुंभार गल्ली मूर्ती नेणाऱ्यांनी भरलेली असते. रिक्षा त्या बाजूने घेऊ नये, दाभोळकर कॉर्नरवरून काढावी.

योम किप्पूर, म्हणजे दरफाळणीचा सण, यंदा रविवारी २० सप्टेंबरला संध्याकाळी लागून सोमवारी रात्री सुटतो. गर्दीचा प्रश्न तेवढा नाही, प्रश्न पोटाचा आहे. सुमारे पंचवीस तास पाणीसुद्धा न घेतलेल्या माणसाने स्टेशनवरचा वडापाव खाऊन वरच्या बर्थवर झोपणं म्हणजे रात्रभर जळजळ. आधी पाणी, मग काळ्या मनुकांचं सरबत, अर्ध्या तासाने जेवण. सरबताला एक वाटी मनुका तीन वाट्या पाण्यात रात्रभर भिजवून, कुस्करून गाळतात. मनुका जाताना तासगाव-सांगलीकडच्या घ्याव्यात. मात्र गाळलेलं सरबत बाटलीत भरून प्रवासात आणू नये, आंबून झाकण उडतं.

सुक्कोथ, म्हणजे मांडवांचा सण, शुक्रवारी २५ सप्टेंबरला संध्याकाळी लागतो, आणि त्याच दिवशी अनंत चतुर्दशी आहे. पुण्याला जाणाऱ्यांनी गुरुवारीच पोचावं. शुक्रवारी मिरवणुकीमुळे रस्ते बंद असतात आणि शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) लागल्यावर वाहनात बसता येत नाही. परतणं रविवारी, ४ ऑक्टोबरला रात्री, सुक्कोथच्या शेवटचा सिम्हाथ तोरा हा सण उठल्यावर. २ ऑक्टोबरला शुक्रवार असल्याने सलग तीन सुट्ट्यांची परतीची गर्दी त्याच रात्री असणार. मुंबईहून सुटणाऱ्या गाडीचं आरक्षण ५ ऑगस्टला खुलतं.

या सणात हातात धरतात ते एथ्रोग म्हणजे आपलं महाळुंग. करवीरनिवासिनी अंबाबाईच्या खालच्या उजव्या हातात जे फळ आहे, तेच. सण उठल्यावर ते टाकून देऊ नये. गर नावाला असतो, खायचं ते जाड पांढरं साल. पातळ काप करून बिया काढाव्यात, दिवसभर पाण्यात ठेवावेत, तीनदा पाणी बदलून उकळावेत, मग वजनाएवढ्या साखरेत मुरंबा. एकदाच उकळलं तर कडवटपणा राहतो. विधीच्या फळाला किंमत येते ती डाग नसल्यामुळे, म्हणून त्यावर फवारणीही जास्त असते. बागेची माहिती नसेल तर वरची पिवळी साल सोलून टाकावी. गाडीत फळ इतर सामानाच्या पिशवीत ठेवू नये, दबलेल्या जागी बुरशी धरते.

आपल्याकडे मागणं एवढंच, की रोजच्या पंचांगाच्या चौकटीत ज्यू सणापुढे ‘आदल्या संध्याकाळपासून’ हे दोन शब्द आणि कोल्हापूरचा सूर्यास्त छापावा. पुढची वेळ वल्हांडण सणाची. २०२७ मध्ये तो २१ एप्रिलला संध्याकाळी लागतो, आणि २० तारखेला चैत्र पौर्णिमा, म्हणजे जोतिबाची यात्रा. कोल्हापूरहून त्या रात्री निघणाऱ्या गाड्या परतणाऱ्या यात्रेकरूंनी भरतात. त्यांचं आरक्षण १९ फेब्रुवारीला सकाळी ८ वाजता खुलेल. त्या दिवशी शिवजयंती आहे, तेव्हा मिरवणुकीला निघण्याआधी तिकीट काढून घ्यावं.

आपला,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर