बाबा, पाटी परत लावा

पुणे, रविवार रात्र

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, हे फोनवरच बोलणार होते. पण "तुझं तू बघ, इथलं मी बघतो" म्हणत तुम्ही फोन आईच्या हातात दिलात. म्हणून लिहायला बसले. आई, तू मोठ्याने वाचून दाखव. ते उठून गोठ्याकडे गेले तर तिथे जाऊन वाच.

गणपतीत आले तेव्हा दाराच्या चौकटीशेजारी भिंतीवर वहीच्या पानाएवढा चौकोन दिसला. कडेला खळ सुकलेली. तुला विचारलं तर तू पदराने डोळे पुसलेस, आई. मग बाबांच्या काळ्या ट्रंकेत, डिस्चार्ज बुकाच्या खाली, थकलेल्या कर्जापायी घरावर लावलेली बँकेची ताबा नोटीस सापडली. कोमट पाण्याने अलगद सोडवलेली, वाळवून चार घड्या घातलेली. शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून काढलीत, पण सरकारी शिक्क्याचा कागद म्हणून फाडवली नाही, हे मला न सांगताही कळलं. तिच्याखाली आधीची नोटीस होती, थकलेले पैसे भरा म्हणणारी, सरफेसी कायद्याच्या (कोर्टात न जाता बँकेला तारण ताब्यात घेऊ देणारा कायदा) कलम १३(२) ची. तिचा लिफाफा फोडलेलाही नव्हता. बाबा, तो बंद लिफाफा हातात घेऊन मी ट्रंकेपाशीच बसून राहिले.

रागावले होते, खोटं बोलत नाही. त्या पहिल्या नोटिशीनंतर ६० दिवस मिळतात. त्या काळात आपण लेखी हरकत घेतली असती, तर बँकेला १५ दिवसांत कारणं देऊन उत्तर द्यावं लागलं असतं. ते दिवस गेले. आता त्यावर बोलायचं नाही.

पण पुढचे दिवस जाऊ द्यायचे नाहीत. सरफेसी कायद्याच्या कलम १७ खाली ताब्याच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत पुण्याच्या कर्ज वसुली न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. नोटिशीवरची तारीख धरली तर आपले १९ दिवस संपलेत, २६ उरलेत. साताऱ्यातले जे गृहस्थ "दिवाणी कोर्टातून स्टे आणून देतो, २५ हजार द्या" म्हणतात, त्यांना एक रुपया देऊ नका. या कारवाईत दिवाणी कोर्टाला अधिकारच नाही. आणि "सहकारी बँकेला हा कायदा लागत नाही" असं पारावर कोणी सांगितलं असेल तर तेही डोक्यातून काढा. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२० मध्येच तो लागतो असं सांगितलंय.

आत्ताचा ताबा कागदावरचा आहे. जबरदस्तीने घर रिकामं करायचं तर बँकेला कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जावं लागतं. रात्री साडेनऊला फोन करून "पेन्शन अडवू" म्हणणाऱ्या त्या माणसाला घाबरू नका. पेन्शनवर जप्ती येत नाही, १८७१ च्या पेन्शन कायद्यातच ते लिहिलंय. आणि वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आई, यापुढे फोन आला की वेळ आणि नंबर कॅलेंडरवर लिहून ठेव.

खरी भीती लिलावाची आहे. पूर्वी लिलाव होईपर्यंत पैसे भरून घर सोडवता यायचं. २०१६ च्या दुरुस्तीनंतर ती मुदत लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच आहे. म्हणून अर्ज आणि बँकेशी परतफेडीचं बोलणं, दोन्ही एकदमच करायचं. बाबा, २००९ ला निवृत्त झालात तेव्हा कम्युटेशन, म्हणजे पेन्शनचा काही भाग एकरकमी आगाऊ, घेऊन तुम्ही हे घर बांधलंत. त्याची १५ वर्षं भरली आणि पेन्शनचा कापलेला भाग परत मिळू लागला. ती रक्कम, माझी एफडी आणि आपल्या बाळूचा टेम्पो विकून येतील ते पैसे, एवढ्यावर बँकेपुढे हप्त्यांचा लेखी प्रस्ताव ठेवता येईल. त्याआधी खात्याचा पूर्ण उतारा मागायचा. दंडव्याजावर व्याज किती चढवलंय ते मला ओळीओळीने बघायचंय. शेत विकायचं नाही. हे मी हात जोडून सांगते.

आई, आता तुझ्यासाठी. घर तुमच्या दोघांच्या नावावर आहे. विधी सेवा कायद्याप्रमाणे कोणत्याही बाईला मोफत वकील मागता येतो, त्यात उत्पन्नाची अट नाही. अर्जावर तुझी सही लागेल. सैनिक कल्याण कार्यालयातही आपण जाणार आहोत. तिथे जायला लाज कसली? ते कार्यालय बाबांसारख्यांसाठीच आहे.

लाजेचं बोलायलाच हवं. बाबा, शेजारच्या काकू म्हणाल्या की तुम्ही दारावरची पितळी पाटी काढून ठेवलीत. 'हवालदार (निवृत्त), मराठा लाइट इन्फंट्री' लिहिलेली. दर दसऱ्याला चिंचेने घासून मीच ती चमकवायचे, त्यातला 'मराठा'चा काना थोडा तिरका आहे हे मला अजून डोळे मिटून आठवतं. ती पाटी तुम्ही नोटिशीमुळे काढलीत ना? कर्ज तुम्ही जुगारात घातलं नाही. २०१८ ला बाळूच्या हॉटेलासाठी घर तारण दिलंत, त्याला पायावर उभं करायला. २०२० ला टाळेबंदीत हायवे ओस पडला, हॉटेल बसलं. यात तुम्ही कोणाला फसवलंत? सियाचीनवरून आलात तेव्हा दोन बोटांची नखं काळी पडली होती, त्याची तुम्हाला कधी लाज वाटली नाही. थकलेल्या हप्त्यांची एवढी का वाटावी की गावात कोणाशी बोलू नये, पोरीला कळू देऊ नये?

तुम्हीच सांगायचात, पोस्टवर एकट्याने जागायचं नसतं, पाळी लावायची असते. आता माझी पाळी आहे, बाबा. तुम्ही थोडं झोपा. आई सांगते, पहाटे तीनला उठून ओसरीत बसता.

मी शनिवारी पहिल्या एसटीने येते. तोवर पाटी दारावर लावा, स्क्रू देवघराच्या खालच्या खणात असतील. दोन्ही नोटिसा लिफाफ्यासकट ठेवा, पोस्टाच्या शिक्क्याची तारीख लागते. कर्जाचा करार, हप्त्यांच्या पावत्या, पासबुक आणि पेन्शनची स्लिप काढून ठेवा. आईच्या आधारची झेरॉक्स आणि दोन फोटो लागतील. फोटो जुने चालणार नाहीत, शुक्रवारी बाजारात गेलात की काढून घ्या. बाळूला घरीच थांबायला सांगा. त्याला कोणी बोलायचं नाही, मीही बोलणार नाही.

तुमची,
ताई