गळती आणि तुझा श्वास

सातारा

चि. अनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू तुझ्या पीएच मीटरचा आकडा चुकतोय असं सांगत होतीस, पण माझे कान तुझ्या धापेकडे. दम्याबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसलेय, तर मीटरचंच.

इनपुटची आयसी, ती सीए ३१४०, बदलायची घाई नको. पाण्यात बुडवायचा प्रोब काढ आणि तो जिथे लागतो त्या बीएनसी कनेक्टरची मधली पिन बाहेरच्या कड्याशी शॉर्ट कर. आउटपुट शून्याजवळ थांबलं तर शॉर्ट काढून तिथे प्रोबऐवजी १०० मेगाओहमचा रेझिस्टर लाव, वर पत्र्याचा डबा झाक. आता आउटपुट सरकेल तो प्रत्येक मिलिव्होल्ट म्हणजे १० पिकोअँपिअर. सीए ३१४० स्वतः साधारण तेवढेच घेतो. चाळीस-पन्नास मिलिव्होल्ट दिसले तर बोर्ड गळतोय. आयसीची पिन ३ म्हणजे इनपुट, तिच्या शेजारीच पिन ४, तिथे उणे ५ व्होल्ट. सोल्डरिंगनंतर मधे राहिलेल्या फ्लक्सने १० गिगाओहमची वाट दिली तरी ५०० पिकोअँपिअर वाहतात. म्हणजे ५० मिलिव्होल्ट, जवळजवळ एक पीएच! सकाळी बफर द्रावणाने कॅलिब्रेट करशील, दुपारी सर आली की दमट हवेने गळती वाढेल आणि तासगावच्या बागेतल्या पाण्याचा आकडा चुकेल.

तो फ्लक्स म्हणजे राळ. तिचा धूर दम्याला फार वाईट. माईआत्याच्या वरच्या खोलीत वारा नाही, गॅलरीत बसून सोल्डर कर. बघ, आलेच पुन्हा तिथे.

बोर्ड धुवायला ९९ टक्के आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, घे. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं नको, त्यात पाणी असतं. ब्रशने घास आणि लगेच ताज्या आयपीएने वरून धू, नाहीतर फ्लक्स नुसता पातळ पसरतो. आयसीचा सॉकेट काढूनच टाक, त्याच्या पोटात फ्लक्स शिरतो. मग ६० अंशांवर तासभर वाळव. नंतर बोट लावायचं नाही, घामाचं मीठही गळतं. आणि आयपीए उघडताना सोल्डरिंग आयर्न बंद, गार झालेलं. खिडकी उघडी. हे तुला लहानपणापासून सांगतेय, लेक्चर वाटलं तर माफ कर.

एवढ्याने भागलं नाही तर पिन ३ बोर्डातून उचलून बीएनसीची तार हवेतच जोड. पुढच्या बोर्डावर पिन ३ भोवती दोन्ही बाजूंनी गार्डचं, म्हणजे राखणीचं, तांब्याचं कडं काढ, वर सोल्डर मास्कचा थर न देता, आणि ते पिन ६ ला, म्हणजे आउटपुटला जोड. दोन्हीकडे सारखाच व्होल्टेज असला की गळायला कारणच उरत नाही. हे बफर सर्किट तू स्वतः आखलंस, पपांनी त्याचा कागद दादाला दोनदा दाखवला.

शॉर्टचा आणि रेझिस्टरचा, दोन्ही आकडे रात्री सांग. दम्याचा पंप घेतलास का, तेही.

तुझी आई