हौद्याच्या जुन्या गाड्यांचा भाव भंगाराच्या काट्यावरच का ठरावा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर भुदरगड तालुक्यातील एका शेतकऱ्याच्या गोठ्यामागे चपट्या तोंडाची जुनी महिंद्रा एफसी पिकअप उभी असल्याचे कळले, म्हणून मी कोल्हापुरातून मुद्दाम जाऊन ती पाहून आलो. हौद्यात, म्हणजे माल भरायच्या मागच्या भागात, शेणी रचलेल्या होत्या आणि फाळका (हौद्याचे मागचे झडप) साखळीने बांधलेला होता. पण दोन सीटांच्या मधोमध असणारे इंजिनाचे पत्र्याचे झाकण मूळचे होते आणि ते उचलल्यावर खाली कंपनीचे पेट्रोल इंजिनही जागेवर दिसले. पेट्रोल परवडेना म्हणून अशा गाड्यांत डिझेल इंजिन बसवून घेण्याची एके काळी इतकी चाल होती की मूळ इंजिन दृष्टीस पडणे हेच अप्रूप. मालकाशी बोलणे करून चार दिवसांनी इसार घेऊन गेलो, तेव्हा त्या जागी तेलाचा काळा डाग आणि गॅसकटरने कापलेल्या पत्र्याचे तुकडे तेवढे पडले होते. इसार पहिल्याच दिवशी दिला नाही ही माझी चूक, आणि ती मला अजून लागून राहिली आहे.

भंगारवाल्याचे गणित सोपे असते. गाडीचे वजन सव्वा टन आणि लोखंडाचा भाव किलोला ३० रुपये धरला, तर ३७,५०० रुपये होतात. त्यातून कापण्याचा आणि वाहतुकीचा खर्च वजा करून तो उरलेले पैसे रोख मोजतो आणि दुपारपर्यंत अंगण मोकळे करून देतो. गाडी पुन्हा उभी करू इच्छिणाऱ्याने मात्र आधी कागद मागावेत, मग चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, पाहावी आणि रंगाकडे सगळ्यांत शेवटी वळावे, असे माझे अनुभवाअंती मत झाले आहे. आरसी बुकातील (नोंदणी पुस्तकातील) चासी नंबर चासीवर ठोकलेल्या नंबराशी जुळत असेल, बदललेल्या इंजिनाची नोंद झालेली असेल आणि कर्ज केव्हाच फिटूनही बुकात राहून गेलेला बँकेचा बोजा उतरवलेला असेल, तर भंगाराच्या दुप्पट रक्कम द्यायला मी कचरत नाही. कागदच नसतील, तर गाडी कितीही देखणी असो, सुट्या भागांच्या किमतीपलीकडे मी जात नाही.

आपल्या जिल्ह्यात गाडी कुठे उभी होती हेही विचारावे लागते. गगनबावडा, राधानगरीकडच्या गाड्या पावसाने खाल्लेल्या असतात. तिथे मागच्या पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) हँगरजवळ, जिथे चिखल साठून राहतो, स्क्रूड्रायव्हरचे टोक जोर देऊन टोचून पाहावे आणि ते आत गेले तर चासी बदलण्याचा खर्च किमतीतून सरळ वजा करावा. शिरोळ, करवीरच्या नदीकाठच्या गावांतील गाडी असेल, तर ती २०१९ किंवा २०२१ च्या महापुरात बुडाली होती का, हे मालकाच्या सांगण्यावर सोडू नये. हेडलाइट काढून त्याच्या वाटीत आणि मीटरच्या मागे बोट फिरवले की पिठासारखा वाळलेला गाळ हाताला लागतो. खताची पोती वाहून हौद्याचा तळ चाळणी झाला असेल, तर त्याची मला फारशी चिंता वाटत नाही. हौदा आपल्याकडे पुन्हा बांधून मिळतो. बुश, लायनर, पाटे तर मिळतातच, एवढेच काय, नमुना दिला तर पाण्याच्या पंपाची बॉडीसुद्धा कोल्हापूरच्या उद्यमनगरातील कारखान्यांत ओतून मिळते. मूळ मीटर, समोरच्या काचेची चौकट आणि कंपनीच्या नावाची पट्टी मात्र कोणी ओतून देत नाही, आणि घासाघीस करायची ती याच वस्तूंवर करावी.

एवढी पारख करूनही भाव भंगाराकडेच का ओढला जातो, याचे कारण नियमांत आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली; त्यानुसार ५० वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनाला २०,००० रुपये शुल्कात १० वर्षांची नोंदणी आणि ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. ही सोय दुचाकींना आणि खासगी वापराच्या चारचाकींना आहे. मालवाहू म्हणून नोंदलेली पिकअप तिच्यात बसत नाही. तिला एरवीच्या जुन्या टेम्पोप्रमाणे दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि ते संपले की तिची नोंदणीही वैध धरली जात नाही. धनिकाच्या गॅरेजमधील मोटार वारसा ठरावी आणि ज्या गाडीने गुऱ्हाळावरचा गूळ कोल्हापूरच्या शाहूपुरी पेठेत आणि दुधाचे कॅन संकलन केंद्रावर पोहोचवले ती भंगार ठरावी, हा भेद मला पटत नाही.

त्यात अफवांची भर पडते. पंधरा वर्षे झाली की गाडी बाद, असे सांगून दलाल मालकाला घाबरवतात. वस्तुतः दहा वर्षांपुढील डिझेल आणि पंधरा वर्षांपुढील पेट्रोल वाहनांवरील ते निर्बंध दिल्ली आणि तिच्या परिसरासाठी होते. आपल्याकडे पर्यावरण कर भरून आणि तपासणीत उत्तीर्ण होऊन जुने वाहन रस्त्यावर ठेवता येते. पंधरा वर्षांनंतर नूतनीकरण बंद झाले ते १ एप्रिल २०२३ पासून सरकारी मालकीच्या वाहनांचे, आणि त्यामुळे सरकारी खात्यांच्या लिलावांतून जुन्या गाड्या मिळण्याची एक चांगली वाटही आटली आहे.

व्हिंटेज नोंदणीच्या व्याख्येत, आता मालवाहतूक न करणाऱ्या हलक्या मालवाहू वाहनांचाही समावेश व्हावा, यासाठी जिल्ह्यातील लोकप्रतिनिधींनी केंद्राकडे आग्रह धरावा, अशी माझी विनंती आहे. तोवर ज्यांच्या परड्यात अशी गाडी उभी आहे त्यांनी भंगारवाल्याला बोलावण्याआधी निदान आरसी बुक शोधून ठेवावे, आणि गाडी मोडीत काढायचीच झाली तर कायद्याप्रमाणे १४ दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला कळवून ते बुक जमा करावे. भुदरगडच्या त्या मालकाला हे ठाऊक नव्हते. माझ्यासमोर त्याने ट्रंकेतून बुक काढून दाखवले. गाडी कापून गेली, तरी कागदोपत्री ती अजून त्याच्याच नावावर आहे.

आपला,
एक नियमित वाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर