नाळ कुठे पुरायची

लोअर हट, न्यूझीलंड
6 फेब्रुवारी 2026

प्रिय शुभे,

तुझं पत्र येऊन दोन महिने झाले. 'आता तू न्यूझीलंडची झालीस म्हणजे नक्की कुणाची झालीस?' हे तू चेष्टेत लिहिलंस, पण ते माझ्या डोक्यातून जाईना. आज सुट्टी आहे, वाइतांगी दिवस. मुलगी आणि बाळ आत झोपलीत, तेवढ्यात लिहून काढते.

कागदोपत्री उत्तर सोपं आहे. नागरिकत्वाच्या कार्यक्रमात मी राजे चार्ल्स तिसरे, त्यांचे वारस आणि उत्तराधिकारी यांच्याशी इमान राखायची शपथ घेतली. हसू नकोस. ज्या घरात बेचाळीसच्या चळवळीत प्रतिसरकारची माणसं माळ्यावर लपवली, त्या घरातली नात इंग्रजांच्या राजाची शपथ घेऊन घरी आली आणि तिने श्रीखंड-पुरी केली. इथले लोक म्हणतात, तो इंग्लंडचा म्हणून नव्हे, न्यूझीलंडचा राजा म्हणून. असेल. आजोबांना हा फरक समजावून सांगायची माझी हिंमत झाली नसती.

पण त्याच कार्यक्रमात सुरुवातीला एका माओरी, म्हणजे इथल्या मूळच्या लोकांपैकी, आजोबांनी आमचं स्वागत केलं, आणि तेव्हा मला वाटलं की खरी परवानगी ही. राजाची नुसती सही.

आजच्या तारखेला 1840 साली वाइतांगीला इंग्रज आणि माओरी प्रमुख यांच्यात एक करार झाला. कॅप्टन हॉब्सन नावाचा नौदलाचा अधिकारी इंग्रजी मसुदा घेऊन आला. हेन्री विल्यम्स या मिशनऱ्याने मुलाला हाताशी घेऊन एका रात्रीत त्याचं माओरी केलं. सगळं दुखणं त्या एका रात्रीत आहे. इंग्रजीत लिहिलं होतं की सार्वभौम सत्ता राणीला दिली. माओरीत शब्द पडला 'कावानातांगा'. 'गव्हर्नर' माओरी जिभेवर 'कावाना' झाला आणि त्याला शेपूट जोडलं. आपण 'कारभार' म्हणू तसं काहीसं. उलट जमिनी, वस्त्या आणि जे जे मोलाचं त्यावर प्रमुखांचं प्रमुखपण, 'तिनो रांगातिरातांगा', तसंच राहील असं वचन दिलं. पुढच्या महिन्यांत पाचशेच्या वर प्रमुखांनी सह्या केल्या. त्यातल्या इंग्रजी प्रतीवरच्या फक्त 39.

तू आणि मी साताऱ्याच्या मुली. राज्य छत्रपतींचं आणि कारभार पेशव्यांचा, म्हणजे पुढे काय होतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आणि इंग्रजांचा करार? 1819 ला प्रतापसिंह महाराजांशी केला, 1839 ला त्यांना गादीवरून उतरवलं, 1848 ला संस्थानच खालसा. रंगो बापूजी लंडनला वर्षानुवर्षं दारं ठोठावत बसले, आठवतंय ना? तर 1884 साली इथले माओरी राजे तावियाओ असेच लंडनला गेले, थेट राणीला भेटून कराराची आठवण द्यायला. राणीने भेट दिली नाही. तुमचं गाऱ्हाणं तुमच्याकडच्या सरकारला सांगा, असं लंडनचं सरकार म्हणालं. म्हणजे ज्याने जमीन घेतली त्यालाच! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बसमध्ये होते, आणि माझा स्टॉप गेला.

मधल्या काळात इथल्या सरन्यायाधीशांनी 1877 साली या कराराला कवडीमोल ठरवलं. युद्धं, जप्त्या आणि कोर्टाचे कागद यांतून जमीन गेली ती इतकी, की आज देशातली जेमतेम 5 टक्क्यांच्या आसपास माओरींकडे आहे.

आणि भाषा. आमच्या बालवाडीत एक वयस्क माओरी बाई आहेत. सगळे त्यांना 'फाएआ' म्हणतात, आपण बाई म्हणतो तसं. त्यांच्या आईला शाळेत माओरी बोलल्याबद्दल छड्या बसायच्या. त्यामुळे आईने लेकीशी ती भाषा बोललीच नाही. बोलली नाही ती मायेपोटीच, हे लक्षात घे. फाएआ चाळिशीत रात्रीच्या वर्गाला जाऊन आपली मातृभाषा शिकल्या. मला हे सांगताना त्या पोरांची नाकं पुसत होत्या, थांबल्यासुद्धा नाहीत.

आमच्या इथून डोंगर ओलांडला की वाइनुइओमाता. तिथे 1982 साली पहिलं 'कोहांगा रेओ' निघालं, म्हणजे भाषेचं घरटं. आज्यांनी पोरं मांडीवर घ्यायची आणि दिवसभर माओरीतच बोलायचं, झाली शाळा. 1987 ला भाषा राजभाषा झाली, पण आधी घरटं आणि मग कायदा, हा क्रम मला फार आवडतो. आपल्याकडे अभिजात दर्जाचे फलक आधी लागतात आणि नातवंडं 'आजी, हाऊ आर यू' म्हणतात. (हे वाक्य तुझ्या सुनेला दाखवू नकोस.)

तुला माहीत आहे तो जीभ काढून नाच, तो हाका. आपल्या 'हाका' मारण्याशी त्याचा काही संबंध नाही, पण मला प्रत्येक वेळी तसंच ऐकू येतं. रग्बीच्या आधी खेळाडू करतात तोच आपल्याला टीव्हीवर दिसतो. तो तेरौपराहा नावाच्या सरदाराचा, मरणाच्या दारातून सुटल्याच्या आनंदाचा. पण नोव्हेंबर 2024 मध्ये मी दुसराच पाहिला. कराराची तत्त्वं नव्याने ठरवू म्हणणारं एक विधेयक संसदेत आलं, आणि त्याविरुद्ध माओरी माणसं देशाच्या उत्तर टोकापासून निघाली. 19 तारखेला वेलिंग्टनला पोचली तेव्हा पोलिसांच्याच अंदाजाने 42,000. मी रजा टाकून गेले. वारा असा की झेंडे सरळ उभे. वारीत चालणारे चेहरे कसे असतात, दमलेले आणि तरी घाई नसलेले, तसे हे. शेजारच्या बाईने मला झेंड्याचं एक टोक धरायला दिलं, मी कोण वगैरे विचारलं नाही. पुढच्या एप्रिलमध्ये विधेयक 112 विरुद्ध 11 मतांनी पडलं. पण म्हणून भांडण मिटलं असं नाही. आता पासपोर्टवर देशाचं माओरी नाव 'आओतेआरोआ' आधी छापायचं की 'न्यूझीलंड', यावरून चालू आहे.

इथे ओळख करून देताना आधी आपला डोंगर सांगायचा, मग नदी, मग पूर्वज ज्या होडीतून आले ती होडी, आणि नाव सगळ्यात शेवटी. माझ्यावर पाळी आली तेव्हा मी म्हटलं, डोंगर पांडवगड, नदी कृष्णा, होडी सिंगापूर एअरलाइन्स. सगळे हसले, फाएआ सोडून. त्या म्हणाल्या, डोंगर परत सांग, नीट उच्चार कर. नंतर घरी येताना वाटलं, आपणही अनोळखी माणसाला पहिलं हेच विचारतो, मूळ गाव कोणतं? पण आपल्या त्या प्रश्नाला खाली एक दुसरा प्रश्न चिकटलेला असतो, आडनावाचा. विचारणाऱ्याला डोंगर नको असतो.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. माओरीत 'फेनुआ' म्हणजे जमीन, आणि 'फेनुआ' म्हणजेच वार, बाळंतपणात पडते ती. शब्द एकच. बाळ झालं की वार आपल्या जमिनीत पुरतात. लेकीची प्रसूती झाली तेव्हा सुईणीने अगदी सहज विचारलं, वार घरी नेणार का? आता हे सगळ्यांनाच विचारतात. जावई गडबडला. मी मात्र 'हो' म्हणून बसले. 'इथे काय तुझी नाळ पुरलीय?' असं आजी म्हणायची ना, रागावली की?

तर ती वार आइस्क्रीमच्या डब्यात, दोन पिशव्या बांधून, तीन आठवडे फ्रीजरमध्ये आहे. घर भाड्याचं. मालकाच्या बागेत पुरावी तर उद्या घर सोडावं लागेल. फाएआंना विचारलं. त्या म्हणाल्या, त्यांच्या लोकांची जागा आहे, झाड लावायला या. मला भरून आलं आणि लगेच भीतीही वाटली. मी त्या राजाची शपथ घेतलेली. ज्यांची जमीन गेली त्यांच्याच उरलेल्या तुकड्यात आमच्या नातीची वार? जावई म्हणतो, एवढा विचार करू नका, मोठी कुंडी आणू. कुंडीत लिंबू छान येतं, म्हणे.

तू काय केलं असतंस ते लवकर कळव. फ्रीजरमध्ये मटार ठेवायला जागा नाही.

तुझी,
नंदा