पियानोचे सूर लावणाऱ्या काकांना, सोलापुराहून

आदरणीय काका,
स. न. वि. वि.

रविवारी टाळ्या दोन वादकांना मिळाल्या, शाल-श्रीफळ पाहुण्यांना मिळालं, आणि तुम्ही आभारप्रदर्शनात ‘इतर सहकारी’ या दोन शब्दांत गेलात. चूक निवेदिकेची नव्हती, यादी आम्हीच दिली होती. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहोत. अपस्मारावरच्या (फिट येण्याच्या आजारावरच्या) संशोधनासाठी निधी जमवायला दोन पियानोंचा कार्यक्रम ठेवला, तर पडदा उघडण्याआधी काय काय करावं लागतं, हे तिकीट काढून आलेल्यांनाही कळू दे.

आमच्या हाताशी पाच फुटी ग्रँड (आडवा, तीन पायांचा पियानो) एकच होता. दुसरा, सहा फुटी, पुण्याहून टेम्पोतून आला. तीनशे किलोंच्या वरचं हे धूड चाकांवर ढकलत फळीवरून चढवायचं असं हमालांचं ठरलं होतं. तुम्ही फोनवरच ते थांबवलंत, कारण चाक फटीत अडकलं की पाय मुळातून उखडतो. आधी झाकण काढा, मग पेडलांचा सांगाडा, मग पुढचा डावा पाय. त्या अंगाने पियानो हळूहळू सरळ कडेवर, जाड फळीवर उतरवा आणि उरलेले दोन पाय शेवटी काढा. मध्ये घालायला आम्ही टॉवेल आणले होते. ते पट्ट्याखालून सरकतात, त्याऐवजी चादरी घ्या म्हणालात. सोलापुरात चादरीला काय तोटा! आठ चादरी, चार पट्टे, आणि पॉलिशवर एक ओरखडा नाही.

खरं काम पुढे होतं. मार्च संपत आला की इथली हवा लाकडातलं पाणी ओढून घेते. साउंडबोर्डाचा, म्हणजे तारांखालच्या लाकडी फळीचा, फुगवटा बसतो, तारा सैलावतात, आणि सगळ्यात जास्त उतरतं ते मधलं सप्तक. आमचा पियानो वीस सेंटने उतरला होता, म्हणजे मधल्या ‘ए’ स्वराची सेकंदाला ४४० ऐवजी ४३५ कंपनं. (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट.) ऐकायला किरकोळ वाटतं. पण पियानोत सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात आणि सगळ्यांचा मिळून ताण पंधरा ते वीस टनांच्या घरात जातो. एकेक तार नेमकी ४४०च्या हिशेबात आणत गेलं, तर शेवटच्या तारेपर्यंत साउंडबोर्डावरचा दाब वाढलेला असतो आणि सुरुवातीच्या तारा पुन्हा उतरलेल्या असतात. तुम्ही पहिल्या फेरीत प्रत्येक तार पाचेक सेंट जास्तच चढवलीत. शेजारी उभ्या असलेल्या आमच्यातल्या एका पेटीवाल्याला ते चुकीचं वाटलं. रात्रभरात सगळं आपोआप खाली येऊन जागेवर बसलं तेव्हा तो गप्प झाला.

वरच्या सप्तकात तारा ज्यांना गुंडाळतात त्या पिनांपैकी अकरा सैल निघाल्या. लाकडी ठोकळा आकसला की भोकं मोठी होतात, पिन फिरवली तरी ताण धरत नाही. त्या अकरा काढून एक माप जाड पिना ठोकल्यात. आणि पिन पिळणं वेगळं, फिरवणं वेगळं, हे तुमच्याकडूनच कळलं. किल्लीने पिन नुसती पिळली तर सूर लागल्यासारखा वाटतो, पण दोन जोरकस सुरांनंतर ती मूळ जागी परत जाते. म्हणून तार थोडी वर नेऊन खाली आणायची, पट्टी दणकून वाजवायची, आणि तरीही हलली नाही तर पुढे जायचं. एका पट्टीला बहुतेक ठिकाणी तीन तारा असतात; दोन रबरी पाचरीने बंद करून एक, मग दुसरी, मग तिसरी. तिन्ही एकजीव झाल्या नाहीत की आवाज लाटेसारखा हलतो.

इथे त्या पेटीवाल्याच्या वतीने एक कबुली. त्याचा कान तंबोऱ्यावर घडलेला. त्याला पियानोचा गंधार चढा वाटत होता आणि तो तुम्हाला ‘जरा उतरवा’ म्हणत राहिला. तो चढाच असतो, शुद्ध गंधारापेक्षा सुमारे चौदा सेंट. पंचम दोन सेंट उतरलेला. कोणताही स्वर ‘सा’ धरून सारखंच वाजवता यावं म्हणून दिलेली ती किंमत आहे. तुम्ही वाद घातला नाहीत. मधल्या सीच्या खालचे एफ आणि ए एकत्र दाबून सेकंदाला सात लहरी मोजायला लावल्यात, मग एकेक पट्टी वर सरकत त्या थोड्या थोड्या जलद होताना ऐकवल्यात. या लहरी सारख्या वाढत गेल्या तरच बारा स्वरांची वाटणी बरोबर झाली. तंबोऱ्यात नको असलेली डोल इथे मोजमाप असते!

तरी सगळ्यात अवघड होतं दोन पियानोंना एकमेकांशी बोलतं करणं. आम्हाला वाटलं होतं, दोन्ही सूर मोजणाऱ्या मीटरवर लावले की झालं. नाही होत. छोट्या पियानोच्या खर्जाच्या तारा आखूड आणि त्या मानाने ताठ असतात, त्यांचे वरचे उपस्वर (मूळ सुराबरोबर उमटणारे बारीक सूर) जास्त चढे निघतात. म्हणून सप्तकं जास्त ताणून लावावी लागतात. सहा फुटीला तेवढी गरज नसते. तुम्ही मोठा आधी लावलात आणि छोटा मीटर बंद करून त्याच्या आवाजावर बेतलात. मधली दोन-तीन सप्तकं तंतोतंत, अगदी खाली नि अगदी वर थोडी तडजोड. कार्यक्रमातली मुख्य रचना होती मोझार्टची डी मेजरमधली दोन पियानोंची सोनाटा, के. ४४८ (हा त्याच्या रचनांच्या यादीतला क्रमांक), १७८१ सालची. तिच्यात एकाने म्हटलेली ओळ दुसरा लगेच म्हणतो, लावणीतल्या सवाल-जवाबासारखी. पियानोंत दोन-चार सेंटचा फरक असता तर दर जबाबाला तो उघडा पडला असता.

बाकीचं पटकन: छोट्यावरच्या हातोड्या तारेपासून फार लांब सुटत होत्या, हळुवार सूर गळत होते, ते अंतर दीड-दोन मिलिमीटरवर आणलंत. दुसऱ्या पियानोचं झाकण पूर्ण काढायला लावलंत, कारण उलट्या बाजूने ठेवल्यावर ते आवाज रंगमंचाच्या मागच्या बाजूला फेकतं. शेवटची फेरी रंगमंचावरचे दिवे आणि एसी तीन तास चालू ठेवून, पियानो जिथे वाजणार तिथेच केलीत. दिव्यांच्या उष्णतेने तारा उतरतात, म्हणून थंड रंगमंचावर लावलेला सूर पडदा उघडल्यावर उपयोगाचा नसतो. तेव्हा खुर्च्या सरकवणाऱ्यांना तासभर बाहेर चहाला पाठवलं, त्याबद्दल मंडपवाल्यांकडून आम्ही बोलणी खाल्ली. ती तुमच्यापर्यंत येऊ दिली नाहीत. मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत सात पट्ट्यांचे एकसूर पुन्हा जुळवलेत. त्याहून जास्त करायला गेलं तर बिघडतं, हेही सांगितलंत.

पत्रकावरचं एक वाक्य तुम्ही खोडायला लावलंत, त्याचे वेगळे आभार. ‘मोझार्टने फिट थांबते’ असं छापायला निघालो होतो. आधार असा: १९९३ साली ‘नेचर’मध्ये छत्तीस विद्यार्थ्यांवरचा एक प्रयोग आला. हीच सोनाटा दहा मिनिटं ऐकल्यावर आकार-अवकाशाची कोडी थोडी बरी सुटली, आणि परिणाम पाव तासात ओसरला. १९९८ मध्ये अपस्माराच्या एकोणतीस रुग्णांपैकी तेवीस जणांच्या मेंदूच्या आलेखातल्या अपस्माराच्या टोकदार लहरी ती ऐकताना कमी झाल्याचं नोंदवलं गेलं. पण २०२३ साली असे अभ्यास एकत्र तपासल्यावर पुरावा लंगडा निघाला, कारण अभ्यास छोटे आणि नोंदी अपुऱ्या. तुमचं म्हणणं होतं, ‘असं छापलंत तर उद्या कोणी गोळ्या बंद करून कॅसेट लावेल.’ बरोबर होतं. त्या जागी छापलं: औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका, जमलेली रक्कम संशोधनाला, पावती दारावरच मिळेल. आलेख घेणाऱ्या तंत्रज्ञाचा वेळ, इलेक्ट्रोड, पेस्ट यांवर पैसा जायचा असेल तर दाव्यापेक्षा हेच खरं. तिकिटं यामुळे कमी खपली नाहीत.

तुमच्या बिलात फक्त अकरा पिना आणि एका तांब्याच्या तारेचे पैसे होते. रेल्वेचं तिकीटसुद्धा लावलं नव्हतं. ते मनीऑर्डरने पाठवतो आहोत, परत करू नका. सोबत शेंगांची चटणी आणि कडक भाकरी, ट्यूनिंगच्या पेटीत ठेवू नका, तेल सुटतं.

हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता मोजणारा) सांगितलेल्या जागी टांगला आहे. आज सकाळी आकडा ३१ टक्के होता. परातीत पाणी पियानोच्या शेजारी ठेवलं आहे, खाली नाही. ओली चादर टाकलेली नाही. पावसाळ्यात आकडा ६० च्या वर गेला आणि सूर चढायला लागले, की फोन करू.

आपले,
दोन पियानोंच्या कार्यक्रमाची मंडळी, सोलापूर