तेलंगणाचा पक्ष नुसत्या अस्मितेवर उभा राहिला नव्हता

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवारच्या पुरवणीत प्रादेशिक पक्षांवरचा लेख वाचला. असे पक्ष भावनेच्या लाटेवर येतात आणि लाटेबरोबरच ओसरतात, असं लेखकाचं म्हणणं. उदाहरण दिलंय तेलंगणा राष्ट्र समितीचं. पुण्या-मुंबईत बसून तसं वाटत असेल. मी धर्माबादच्या मोंढ्यात अडत दुकानावर मुनीम आहे. मिरचीच्या हंगामात आमच्या पेढीवर मराठीइतकंच तेलुगू ऐकू येतं. लेक निजामाबाद जिल्ह्यात दिलेली. हा पक्ष आम्ही कुंपणाच्या अलीकडून उगवताना पाहिला, म्हणून चार गोष्टी लिहितो.

भावनाच पुरेशी असती तर काम १९६९ सालीच झालं असतं. त्या वर्षीच्या वेगळ्या तेलंगणाच्या आंदोलनात गोळीबार झाले, पोरं मेली. त्यातून तेलंगणा प्रजा समिती निघाली आणि १९७१च्या लोकसभेला तिने तिथल्या १४ पैकी १० जागा घेतल्या. आणि मग? मग समिती काँग्रेसमध्ये विरघळली. तिचे नेते चेन्ना रेड्डी पुढे त्याच आंध्र प्रदेशाचे मुख्यमंत्री झाले. लोकांचा राग घरोघर तसाच राहिला.

के. चंद्रशेखर राव यांनी २७ एप्रिल २००१ रोजी तेलंगणा राष्ट्र समिती काढली. त्याआधी ते तेलुगू देसममध्ये होते, विधानसभेचे उपाध्यक्ष होते. मंत्रिपद मिळालं नाही म्हणून फुटले, असं विरोधक म्हणत. त्यात काहीच तथ्य नसेल असं मला वाटत नाही. पण त्यांनी मांडला तो हिशेब होता. नीळ्लु, निधुलु, नियामकालु. पाणी, पैसा आणि नोकऱ्या. १९५६ साली आंध्रात जाताना तेलंगणाच्या पुढाऱ्यांनी अटी लिहून घेतल्या होत्या: तेलंगणाचा शिलकी महसूल तेलंगणातच खर्च व्हावा, नोकऱ्यांत स्थानिकांना जागा मिळावी. त्या पाळल्या का, एवढाच प्रश्न. बाहेरच्यांना दिलेल्या नोकऱ्या परत घेण्याचा १९८५चा सरकारी आदेश, त्याचा क्रमांक ६१०, आमच्या व्याह्यांच्या गावात पारावरची माणसंसुद्धा तोंडपाठ बोलायची. ज्या आंदोलनात खेड्यातला माणूस जीआरचा नंबर सांगतो, त्याला नुसती लाट म्हणता येत नाही.

वाट सरळ नव्हतीच. २००४ला काँग्रेसशी युती करून २६ आमदार, २००९ला तेलुगू देसमबरोबर जाऊन फक्त १०. मोंढ्यात तेव्हा लोक म्हणायचे, राव साहेबांचं दुकान बंद झालं. राजीनामे द्यायचे, पोटनिवडणूक लढवायची, हे त्यांचं हत्यारही बोथट होत चाललं होतं. २००९च्या सप्टेंबरात मुख्यमंत्री राजशेखर रेड्डी हेलिकॉप्टर अपघातात गेले, नोव्हेंबरात राव उपोषणाला बसले, उस्मानिया विद्यापीठातली पोरं रस्त्यावर आली आणि ९ डिसेंबरच्या रात्री दिल्लीला वेगळ्या राज्याची प्रक्रिया सुरू करण्याची घोषणा करावी लागली. पुढे ती घोषणा लोंबकळत राहिली, पण डाव तिथेच फिरला.

आता आमच्या गावची गोष्ट सांगतो, कारण आपल्या लेखात ती नाही. जुलै २०१०मध्ये तेलंगणातल्या १२ जागांवर पोटनिवडणुका होत्या. त्याच्या ऐन तोंडावर तेलुगू देसमचे नेते, माजी मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू आपले आमदार-खासदार घेऊन आमच्या भागातला गोदावरीवरचा बाभळी बंधारा बघायला निघाले. महाराष्ट्र आमचं गोदावरीचं पाणी अडवतोय, म्हणून. पोलिसांनी त्यांना हद्दीवर धरलं आणि धर्माबादच्या आयटीआयच्या इमारतीत ठेवलं. ते दिवस आम्ही विसरणार नाही. गावात पोलीसच पोलीस, हैदराबादच्या वाहिन्यांच्या गाड्या, चहावाल्यांची चांदी. शेवटी सरकारने सगळ्यांना विमानाने परत पाठवलं. तेलंगणाच्या पाण्यासाठी एवढा मोठा पुढारी अटकेत राहिला, तर मतं त्यालाच पडायला हवी होती, नाही का? निकाल लागला: १२ पैकी ११ राव यांच्या पक्षाला, एक भाजपला. देसमला भोपळा. लोकांचं साधं म्हणणं होतं की बाबू, बाभळीचे पावणेतीन टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी नंतर बोलू, तुमच्या राज्यात आमच्या वाट्याच्या पाण्याचं काय झालं ते आधी सांगा. भावनेच्या नाटकात नायडू कमी पडले नव्हते. हिशेबात पडले.

२ जून २०१४ला राज्य झालं. पक्षाला ११९ पैकी ६३ जागा, २०१८ला ८८. या दुसऱ्या आकड्यामागे रयतू बंधू आहे, म्हणजे शेतकऱ्याला पेरणीसाठी एकरी रोख मदत देणारी योजना. २०१८च्या मे महिन्यात व्याह्यांच्या हातात एकरी ४ हजारांचा धनादेश पडला, पेरणीच्या आधी, कर्ज नाही, व्याज नाही. पुढे एकरी ५ हजार झाले, हंगामाला. शेतीला चोवीस तास फुकट वीज, शेतकरी गेला तर घरच्यांना ५ लाखांचा विमा. आमच्या मोंढ्यात त्याच दिवसांत उचल मागायला येणारा शेतकरी आणि नदीपलीकडचा त्याचा मेहुणा, दोघं शेजारी बसलेले मी पाहिलेत. आमच्या तालुक्यातल्या काही गावांनी आम्हाला तेलंगणात घ्या अशी मागणी केली ती या दिवसांत. तिला फुटीरपणा म्हणणाऱ्यांनी एकदा इथे येऊन रस्ते बघावेत.

दोषही सांगायला हवेत. पैसा जमिनीच्या मालकाला मिळत होता, बटईने कसणाऱ्याला छदाम नाही. ज्याची पन्नास एकर, त्यालाही एकरी तेवढेच. घरातली माणसं एकेक करून सत्तेत बसली. कालेश्वरम या गोदावरीवरच्या मोठ्या उपसा सिंचन योजनेतल्या मेडीगड्डा बंधाऱ्याचे खांब २०२३च्या ऑक्टोबरात, म्हणजे मतदानाच्या महिनाभर आधी, खचले. तरी मला सगळ्यात मोठी चूक वाटते ती २०२२ची. त्या वर्षी पक्षाच्या नावातला तेलंगणा काढून भारत घातला आणि साहेब दिल्लीच्या वाटेला लागले. ५ फेब्रुवारी २०२३ला नांदेडला सभा झाली. गुलाबी उपरणी, 'अबकी बार किसान सरकार'. आमच्या गावातून जीप भरभरून लोक गेले. मीही गेलो. जूनमध्ये गाड्यांचा भला मोठा ताफा घेऊन पंढरपूरही झालं. इथे पक्षात कोण आले? तिकडे तिकीट न मिळालेले, इकडे पद गेलेले. पाण्याचा, नोकऱ्यांचा आमचा हिशेब त्यांच्यातल्या एकानेही मांडला नाही. डिसेंबरात तेलंगणात पक्ष ३९वर आला, पुढच्या वर्षी लोकसभेला शून्य. आमच्याकडची कार्यालयं त्याआधीच रिकामी होऊ लागली होती.

लेखकाने विचारायला हवा होता तो प्रश्न वेगळा आहे. मराठवाडा आणि तेलंगणा दोन्ही निजामाचे. दोघेही १ नोव्हेंबर १९५६ला नव्या राज्यांत गेले. आमच्याकडेही कागद कमी नाहीत. नागपूर करार आहे, १९८४चा दांडेकर समितीचा अनुशेषाचा, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या वाट्याचा, अहवाल आहे, वैधानिक विकास मंडळ होतं, त्याची मुदत २०२०मध्ये संपली. गोविंदभाई श्रॉफांनी आणि मराठवाडा जनता विकास परिषदेने आयुष्यभर हा अनुशेष मांडला. मग इथे पक्ष का निघाला नाही? माझ्या समजुतीप्रमाणे, तेलंगणाकडे हैदराबाद होतं, विद्यापीठ आणि राजधानी त्यांच्याच अंगणात. आम्ही १९५६ला ज्या शहराकडे बघायचो तेच गमावलं. आणि आम्हाला मुख्यमंत्री मिळाले: शंकरराव चव्हाण, निलंगेकर, विलासराव, अशोकराव. आपला माणूस वर बसलाय म्हटल्यावर हिशेब मागायची लाज वाटते. मुख्यमंत्री तेलंगणालाही मिळाले होते, नाही असं नाही, पण तिथे लोकांनी लाज धरली नाही.

आता पुढच्या निवडणुकीत आमच्याकडे मतं मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला एकच विचारायचं ठरवलंय, पक्ष कुठलाही असो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३च्या निकालाप्रमाणे बाभळीचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात. पावसाचं पाणी खाली निघून जातं, मग दरवाजे बंद करून राहिलेलं अडवायचं, आणि त्यातलं ०.६ टीएमसी १ मार्चला पुन्हा सोडायचं. या तारखा बदलून घ्यायला तुम्ही तेलंगणाशी कधी, कुठे, काय बोललात? तारखेनिशी उत्तर द्यावं.

– एक मुनीम, धर्माबाद (जि. नांदेड)